खुराड्यातली ओल: कोकणच्या पावसात परसातल्या कोंबड्या जपताना

अंडी देणारी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. त्यातलं अंड्यात जातं ते जेमतेम ४० ग्रॅम. बाकीचं जवळजवळ सगळं विष्ठेतून आणि श्वासावाटे बाहेर येतं. म्हणजे दहा कोंबड्या दिवसभर आत कोंडून असतील तर छपरातून एक थेंब न गळताही खुराड्यात रोज दोन लिटर पाणी सांडतंच आहे. एप्रिल-मेमध्ये ते हवेत विरून जातं, कुणाच्या लक्षातही येत नाही. जुलैत बाहेरची हवाच पाण्याने जड झालेली असते, मग ते जाणार कुठे? तुसात, फळीत, पिसात आणि खाद्याच्या पोत्यात.

पावसाळ्यातली कोंबड्यांची मर समजून घ्यायची तर सुरुवात या दोन लिटरांपासून करावी लागते. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याला त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तो पाऊस छप्पर अडवतं. धडधाकट गावठी कोंबडी सरीत सापडली तरी पडवीत येऊन अंग झाडते, चोचीने पिसं विंचरते आणि वाळते. साठलेली ओल मात्र रात्रंदिवस तिच्या पायाखाली आणि नाकात असते.

ताडपत्री आवळण्याची चूक

मृगाचा पहिला सडाका आला की बहुतेक घरी एकच काम होतं: खुराड्याला चारी बाजूंनी ताडपत्री, वरपासून खालपर्यंत, सुतळीने घट्ट. हेतू चांगला, पण यामुळे आतली वाफ आतच कोंडते. कोंबडीच्या विष्ठेत जो पांढरा भाग दिसतो ते युरिक आम्ल. ओल मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. सुक्या तुसात हे काम फार सावकाश चालतं, ओल्या तुसात झपाट्याने. अमोनिया डोळ्यांना झोंबतो हे आपल्याला कळतं. त्याहून वाईट गोष्ट दिसत नाही: श्वासनलिकेत धूळ आणि जंतू बाहेर ढकलणारी जी बारीक केसांची झालर असते ती तो बधिर करतो. मग साधी सर्दीही छातीत उतरते, आणि लसीकरण झालेली कोंबडीसुद्धा घरघरू लागते.

हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भाग झाले की कोंबड्यांना त्रास सुरू होतो, आणि माणसाच्या नाकालाही वास साधारण तिथेच स्पष्ट जाणवायला लागतो. म्हणजे तुम्हाला वास आला तर उशीर झालेलाच आहे. त्यातून तुमचं नाक पाच फुटांवर, कोंबडीचं अर्ध्या फुटावर. म्हणून सकाळी दार उघडल्या उघडल्या, हवा खेळायच्या आत, उकिडवं बसून तोंड कोंबडीच्या उंचीला आणा आणि मिनिटभर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर त्याच दिवशी तूस बदलायचं. उद्यावर ढकलायचं नाही.

पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो. त्या बाजू झाकायच्या, पूर्वेची बाजू जाळी लावून पूर्ण उघडी ठेवायची. पश्चिमेची ताडपत्रीही वाशाला बांधू नका. छपराच्या एक फूट खाली आडवा बांबू बांधा आणि त्याला ती अडकवा, म्हणजे वर फूटभर फट राहते. गरम, ओली हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. या फटीतून झड आत येऊ नये म्हणून छप्पर भिंतीच्या पुढे तीन फूट काढलेलं हवं. कोंबड्या बसायच्या दांड्या या फटीपेक्षा बऱ्याच खाली घ्या. वारा त्यांच्या डोक्यावरून जावा, अंगावरून नाही.

जागेचाही हिशेब पावसाळ्यात बदलतो. दिवसभर परसात हिंडणाऱ्या कोंबडीला रात्रीपुरते दीड-दोन चौरस फूट पुरतात. पण झड लागली की चार-चार दिवस ती बाहेरच जात नाही, तेव्हा तिला चार चौरस फूट लागतात. ८ बाय ५ फुटांच्या खुराड्यात उन्हाळ्यात वीस कोंबड्या सुखाने झोपतात, आषाढात दहाच ठेवाव्यात. जास्तीच्या कोंबड्या मे महिन्यात विकणं हा सगळ्यात स्वस्त औषधोपचार आहे, आणि तो कुणालाच आवडत नाही.

तुसाची गादी

जमिनीवर अंथरायला भाताच्या तुसासारखं दुसरं काही नाही. ते पाणी शोषतंही आणि सोडतंही. रंधा मारलेला लाकडाचा जाडा भुसा चालतो. करवतीची बारीक भुकटी ओली झाली की तिचा लगदा होतो. पेंढा अख्खा टाकला तर त्याची चटई बनते आणि चटईखाली बुरशी धरते, घालायचाच तर दोन इंचांचे तुकडे करून घाला. काथ्याचा भुसा नारळाच्या मुलखात फुकट मिळतो म्हणून लोक वापरतात, पण तो पाणी स्पंजासारखं धरून ठेवतो आणि आपल्या पावसात ते परत सुटत नाही. रोपवाटिकेत तो सोनं आहे, खुराड्यात नको.

८ बाय ५ च्या खुराड्यात चार इंचांचा थर द्यायला साधारण ४० किलो तूस लागतं, म्हणजे मोठी तीन-चार पोती. पावसाळ्यात ते निदान एकदा पूर्ण बदलावं लागणार आणि मधून मधून भर घालावी लागणार. तेव्हा आठ-दहा पोती कोरड्या जागी, माळ्यावर किंवा मांगरात (शेतातल्या खोपीत), मे संपायच्या आत पडलेली हवीत. भात गिरणीत तूस मुबलक असतं ते कापणीनंतर. जुलैत ते शोधायला गेलं तर मिळतं ते भिजलेलंच. आगोटीच्या बेगमीत मीठ, मसाला, सुकी मासळी घेता तशी ही पोतीही धरा.

तूस किती ओलं आहे हे मुठीत कळतं. खुराड्याच्या मध्यातून, वरचा थर बाजूला करून, मूठभर तूस घ्या, घट्ट दाबा आणि मूठ उघडा. उघडताच भुरभुरून सांडलं तर ते फार कोरडं आहे, जुलैत असं सहसा होत नाही. गोळा झाला पण बोटाने टोचताच तडकून सुटला तर ओल योग्य. गोळा तसाच राहिला, तळहाताला पाणी लागलं, तर ते तूस कामातून गेलं. तेवढा भाग फावड्याने उचलून बाहेर काढा आणि कोरडं घाला. एक दिवसाआड तूस खालवर करत राहिलं की वरची खपली फुटते आणि ओल सुटते. कोंबड्यांकडूनही हे काम करून घेता येतं: दुपारी मूठभर भात तुसावर फेका, त्या उकरत बसतील.

सगळ्यात ओली जागा नेहमी पाण्याच्या भांड्याखाली सापडते. भांड्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणा, म्हणजे मान वर करून प्यावं लागतं आणि सांडत नाही. भांडं विटांवर ठेवून खाली जाळी आणि जाळीखाली घमेलं ठेवलं तर उरलेलं सांडणंही घमेल्यात जातं. एवढ्या एका बदलाने तुसाचं आयुष्य चांगलंच वाढतं.

चुन्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. वास आला की वरून चुना भुरभुरायचा. चुना अल्कधर्मी असतो. ओल्या, वास मारणाऱ्या तुसावर तो पडला की आत अडकलेला अमोनिया एकदम बाहेर पडतो, आणि कोंबड्या आत असतील तर त्यांचे डोळे त्याच रात्री सुजतात. चुन्याची जागा तुसाच्या खाली आहे: तूस काढून टाकलं, जमीन खरवडली, मग जमिनीवर चुना, एक दिवस मोकळं, त्यावर नवीन तूस. चुना विरलेला हवा. कळीचा चुना ओलीशी गाठ पडताच तापतो आणि पाय भाजतो.

पायाखालचं पाणी

खुराडं जमिनीपासून उचललं की अर्धे प्रश्न सुटतात. चिऱ्यांचे चार खांब, तीन फूट उंच, आणि वर पोफळीच्या किंवा बांबूच्या रिपांची जमीन. रिपांमधली फट मोठ्या कोंबडीला एक इंच, पिल्लांना अर्धा इंच. विष्ठा खाली पडते, हवा खालून येते, तुसाची कटकट उरत नाही. खाली पडलेली विष्ठा मात्र आठवड्यातून दोनदा ओढून काढा, नाहीतर तिच्यावर माशा आणि उंदीर. रिपांची धार तासून गोल करा. ओल्या पायाची कातडी नरम पडते, धारेने चिरते, त्यातून जंतू शिरून तळव्याला काळी खपली धरलेली गाठ होते. दांडीही दोन इंच रुंद, कडा गोल, आणि प्रत्येक कोंबडीला आठ इंच जागा.

जमिनीवरचंच खुराडं असेल तर आतली जमीन बाहेरच्यापेक्षा निदान एक फूट उंच करा आणि भोवती एक फूट रुंद, एक फूट खोल चर काढा. चराला उतार हवा आणि त्याचं पाणी कुठेतरी बाहेर जायला हवं. बंद चर म्हणजे डासांचं पाळणाघर. पागोळ्या चरातच पडतील अशी आखणी करा. दारापुढे, जिथे कोंबड्यांची सारखी ये-जा असते, तिथे जांभ्याचे तुकडे किंवा नारळाची सोडणं पसरा. समुद्राची वाळू टाकू नका, कोंबड्या तिचे दाणे टिपतात आणि मीठ पोटात जातं.

पोत्यातला पाऊस

मका साठवायचा तर त्यात १२-१३ टक्क्यांहून जास्त ओल नको. १४ च्या वर गेली की बुरशी धरते, आणि कोकणच्या हवेत उघडं पोतं तिथवर यायला फार दिवस लागत नाहीत. हिरवट-पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते यकृतावर जातं: पिल्लं वाढत नाहीत, अंडी घटतात, लस नीट लागू होत नाही. पोतं उन्हात घातलं, भाजलं किंवा शिजवलं तरी बुरशी मरते, विष तसंच राहतं. म्हणून 'वरचं काढून खालचं घालू' हा हिशेब चुकीचा आहे. कुबट वास आला, दाणे एकमेकांना चिकटले, तर पोतं खड्ड्यात. गाईलाही घालू नका आणि बदकांना तर मुळीच नको, बदक या विषाला कोंबडीपेक्षा लवकर बळी पडतं.

मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. दहा कोंबड्यांना पंधरा दिवसांचं खाद्य १८ किलोपर्यंत होतं. पावसाळ्यात तेवढंच आणा. पोतं लाकडी फळीवर, जमिनीपासून सहा इंच वर आणि भिंतीपासून फूटभर दूर ठेवा, कारण पावसाळ्यात चिऱ्याची भिंतही ओल सोडते. झाकणाचं पिंप असेल तर उत्तम, पण खाद्य गार आणि कोरडं असताना भरा. भाताचा कोंडा तेलकट असतो, काही दिवसांतच खवट होतो, तो आठवड्याचाच घ्या. कणी जास्त टिकते.

आता सुक्या मासळीचं. प्रथिनांसाठी जवळा किंवा कुट्टी (सुक्या मासळीचा चुरा) घालण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे. पण खारवलेली मासळी, बांगड्याची डोकी वगैरे घातली की मीठ वाढतं, कोंबडी दुप्पट पाणी पिते, पातळ हगते आणि तूस दोन दिवसांत चिखल होतं. लोक मग हगवणीचं औषध आणायला धावतात. मासळी बिनमिठाची असेल तरच घाला. अंड्याचं कवच पातळ येत असेल तर खाडीतल्या तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, चुलीवर तापवून, जाडसर कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा. खाद्यात मिसळू नका, ज्या कोंबडीला हवं ती बरोबर खाते.

रोग आणि त्यांचे रस्ते

रक्ती हगवण हा पावसाळ्यातला पिल्लांचा पहिला शत्रू, मुख्यतः तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांचा. कॉक्सिडिया नावाचा सूक्ष्म परजीवी आतड्यात वाढतो आणि त्याची बीजं विष्ठेतून बाहेर पडतात. गंमत अशी की ताज्या विष्ठेतलं बीज रोग करू शकत नाही. ते पिकायला एक-दोन दिवस लागतात, आणि त्याला तीनच गोष्टी हव्यात: ऊब, हवा आणि ओल. कोकणातला जुलै तिन्ही देतो. म्हणून पिल्लांच्या खालची विष्ठा रोज काढली की साखळी तिथेच तुटते. ब्लीचिंग पावडरने ही बीजं मरत नाहीत, कोरडेपणाने आणि कडक उन्हाने मरतात. मोठ्या कोंबड्यांना सहसा काही होत नाही, पण त्या बीजं टाकत राहतात, तेव्हा पिल्लं त्यांच्या जमिनीवर सोडू नका.

पिल्लू पंख पाडून, पिसं फुलवून कोपऱ्यात उभं राहतं, विष्ठेत रक्त दिसतं. तेव्हा २० टक्क्यांची अ‍ॅम्प्रोलियम पावडर लिटरला १.२ ग्रॅम, पाच दिवस, पुढे आठवडाभर निम्मी. पिण्याचं पाणी तेवढंच ठेवा, दुसरं भांडं नको. रोज ताजं करा. या काळात ब जीवनसत्त्वाचं टॉनिक देऊ नका: हे औषध ब-१ सारखं रूप घेऊन परजीवीला फसवतं, तुम्ही खरं ब-१ दिलंत तर औषध वाया.

एक खूण मात्र ओळखून ठेवा. कोंबडीच्या दर आठ-दहा विष्ठांमागे एक गडद तपकिरी, चिकट, घाण वासाची असते. ती आंधळ्या आतड्यातली, निरोगी कोंबडीचीच. तिला रोग समजून औषधं घालणारे पुष्कळ आहेत.

मानमोडीला, म्हणजे राणीखेतला, औषध नाही. हिरवट-पांढरी हगवण, तोंड उघडून श्वास, मान पिळवटणं, आणि पाहता पाहता खुराडं रिकामं. लसच वाचवते. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, एका डोळ्यात एक थेंब, चौथ्या आठवड्यात परत. आठव्या आठवड्यात आर-टू-बी, पंखाखाली कातडीत अर्धा मिली. ही लस लहान पिल्लांना देऊ नये, सोसत नाही. प्रतिकारशक्ती यायला दोन आठवडे लागतात, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत टोचणी उरकलेली हवी. लस २ ते ८ अंशांत, बर्फाच्या थर्मासमधून आणायची आणि पाण्यात कालवल्यावर दोन तासांत संपवायची. अडचण अशी की कुपी शंभर मात्रांची आणि तुमच्याकडे कोंबड्या दहा. उपाय सोपा आहे: वाडीतल्या सगळ्यांनी एकाच सकाळी टोचून घ्यायचं. एकाचंच खुराडं लसलेलं आणि शेजाऱ्याचं नाही, तर रोग वाडीत फिरतच राहतो.

देवी हा रोग डासांबरोबर येतो, तुऱ्यावर आणि पापण्यांवर फोड. फोडांना आयोडीन लावा, खपली ओरबाडू नका, तीन-चार आठवड्यांत बरी होते. डोळे मिटलेल्या कोंबडीला हाताने पाणी-दाणा द्यावा लागतो, बऱ्याचशा मरतात त्या उपाशी राहून. बुरशी आलेल्या पेंढ्यावर पिल्लं ठेवली तर बुरशीचे कण फुप्फुसात रुजतात. पिल्लू माशासारखं तोंड उघडतं, पण घरघर ऐकू येत नाही. यावर उपचार जवळपास नाहीच.

पावसात गांडुळं वर येतात आणि कोंबड्या तुटून पडतात. गांडुळांतून जंतही जातात. पावसाआधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा जंतनाशक द्या. अडीच टक्क्यांचं अल्बेंडाझोल असेल तर दीड किलोच्या कोंबडीला ०.६ मिली, चोचीच्या कडेने, हळूहळू. पुढचे दोन आठवडे अंडी खाऊ नका.

धुळीत लोळायला मिळालं नाही की उवा वाढतात. पडवीच्या कोपऱ्यात जुनं घमेलं, त्यात चाळलेली चुलीची राख आणि कोरडी माती अर्धी अर्धी. राख भिजली की तिचा तिखट क्षार होतो, तेव्हा छपराखालीच. लाल गोचिडी दिवसा फळीच्या फटीत असतात आणि रात्री रक्त पितात. रात्री बॅटरी लावून दांडीच्या खालची बाजू पाहिलीत तरच त्या सापडतील.

पिल्लं मुळात जून-जुलैत काढूच नयेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुडूक बसवलेल्या कोंबडीची पिल्लं पावसापर्यंत पिसारलेली असतात. तरी काढलीतच तर पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब हवी, पुढे आठवड्याला तीन अंश कमी. आणि वीज जाणार हे धरूनच चाला. खुडूक कोंबडी हा उत्तम पर्याय, नाहीतर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवू नका, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि पिल्लं झोपेतच जातात.

पाणी चढतं तेव्हा

चिपळूणला २६ जुलै २००५ ला आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी कुठवर आलं ते तिथल्या माणसांना आजही बोट लावून दाखवता येतं. महाडला सावित्री, खेडला जगबुडी, राजापूरला अर्जुना-कोदवली. डोंगरातला पाऊस आणि समुद्राचं उधाण एका वेळी गाठलं की नदीचं पाणी खाली उतरायला वाट मिळत नाही. म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस आणि भरतीच्या वेळा कोंबड्या पाळणाऱ्यानेही पाहाव्यात.

कोंबडी पोहत नाही. पिसांतल्या हवेवर थोडा वेळ तरंगते, पिसं भिजली की बुडते. आणि अंधारात तिला दिसत नाही. रात्री पाणी आलं तर ती दांडीवरून हलणार नाही, हाका मारून येणार नाही. एकेकीला उचलूनच काढावं लागतं. म्हणून सोय आधीच हवी. हंगाम संपल्यावर आंब्याचे प्लॅस्टिक क्रेट कोकणात घरोघरी रिकामे पडलेले असतात. एका क्रेटमध्ये तीन मोठ्या कोंबड्या, वर दुसरा क्रेट उपडा, सुतळीने बांधला की पिंजरा तयार. दहा कोंबड्यांना आठ क्रेट, खुराड्याजवळ पण उंचावर टांगलेले. बाजूला बंद डब्यात चार दिवसांचं खाद्य, पाच किलोभर.

कोंबडी दोन्ही पंख अंगाशी धरून उचला. भिजलेली असेल तर पाय धरून उलटी लोंबकळवू नका, पोटातलं पाणी घशात येऊन फुप्फुसात जातं. उंच जागी आणल्यावर जुन्या फडक्याने टिपा, क्रेटमध्ये कोरडं तूस घाला, ऊब द्या. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, भिजलेल्या पिसांत ते टिकत नाही. पायाला हात लावून पाहा, थंडगार लागला तर ती अजून धोक्यात आहे. आधी कोमट पाणी, लिटरला चमचाभर गूळ घालून, मग दाणा.

पाणी ओसरल्यावर

आत शिरायच्या आधी काठीने आवाज करा. पुराच्या पाण्यातून निघालेले साप कोरडी, उंच, उबदार जागा शोधतात आणि खुराडं नेमकं तसंच असतं. गमबूट आणि रबरी हातमोजे घाला: उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टोस्पायरोसिस पायाच्या भेगेतून शिरतो. पुराच्या चिखलात काम केलं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा.

पुराचं पाणी लागलेलं तूस आणि खाद्य सगळं फेका. विणलेल्या पोत्यातलं खाद्य वरून कोरडं दिसलं तरी. चिखल खरवडा, साबणाच्या पाण्याने धुवा, आणि मगच ब्लीचिंग पावडर, लिटरला १५ ग्रॅम. क्रम महत्त्वाचा आहे. विष्ठा असताना ब्लीचिंग ओतलं तर क्लोरीन घाणीतच संपतं आणि अमोनियाशी मिळून झोंबरा वायू होतो. मग दोन-तीन दिवस उघडं ठेवून वाळवा, भिंतीला चुन्याचा हात, आणि त्यानंतर तूस. विहिरीत पुराचं पाणी शिरलं असेल तर आधी उपसा. मग हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर हे नेहमीच्या स्वच्छ पाण्याचं प्रमाण, गढूळ असताना जास्त लागतं, ते ग्रामपंचायतीतून विचारून घ्या. तोवर कोंबड्यांनाही उकळून गार केलेलं पाणी.

कोंबड्या बाहेर सोडायच्या आधी परसाची फेरी मारा. खाचरात अडकलेले मासे, मेलेले उंदीर, शेजारच्या मेलेल्या कोंबड्या, सगळं उचला आणि विहिरीपासून लांब, कमरेएवढ्या खड्ड्यात चुना घालून पुरा. कुजणाऱ्या मढ्यात बॉट्युलिझमचं विष तयार होतं. अळ्यांना त्याने काही होत नाही, पण अळ्या टिपणाऱ्या कोंबडीला होतं. पाय लुळे पडतात, मग पंख, मग मान जमिनीला टेकते. मानमोडीत मान पिळवटते, यात ती ओल्या फडक्यासारखी लोळते. हा फरक पशुवैद्यकाला फोनवर सांगितलात तरी त्यांचं निम्मं काम होतं. पशुधनासाठीचा १९६२ हा क्रमांक फुकट लागतो. दोन-तीन दिवसांत एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर तो नक्की लावा, आणि मेलेली कोंबडी कापून पाहायच्या फंदात पडू नका. बर्ड फ्लूची शंका मिटेपर्यंत मांसही कुणाला देऊ नका.

पुरानंतर पंधरा-वीस दिवस अंडी घटतात. त्यात पुढे पिसं झडायचा हंगामही येतो, तेव्हा अंडी बंद झाली म्हणून कोंबडी कापायची घाई नको. नवी पिसं आली, तुरा लाल झाला की ती परत अंडी घालू लागते. जी अंडी येतील त्यांना चिखल लागलेला असेल तर थंड पाण्यात बुडवू नका, कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते. कोरड्या फडक्याने पुसा, आधी तीच वापरा, आणि पूर्ण शिजवून खा.